तिसरी शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. कुकरची नव्हे हो, मास्तरांची! माझ्या पोटात बुचाचा एक मणी आहे. तो नाचला की माझा आवाज अर्धा डोंगर ओलांडून जातो. बढाई मारत नाही, विचारा डोंबिवलीतल्या कोणालाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. ठाण्याला खेळाच्या सामानाच्या एका दुकानात मी काचेखाली पडून होते. तिथून मधुमास्तरांनी मला उचललं. ते शाळेत कवायतीचे शिक्षक होते. तीस वर्षं मी त्यांच्या गळ्यात राहून पोरांना रांगेत उभं केलं. पोरं मला शिव्या द्यायची आणि शाळा सोडताना मला हात लावून जायची.

मास्तर निवृत्त झाले तेव्हा मला वाटलं, संपलं आता. पण त्यांना घरी बसवतंय कुठे! रविवारी डोंगर चढणारा एक गट त्यांना मिळाला. बारा-पंधरा माणसं, पुढे बँकेतली हेमांगी, तिच्या मागे बाकीचे आणि सगळ्यांत शेवटी मास्तर. शेवटच्याला तिथे 'शेपूट' म्हणत. मागे कोणी राहू नये म्हणून शेपटाच्या गळ्यात शिट्टी. नियम मास्तरांनीच घालून दिलेला. पुढून हाक आली की दोनदा वाजवायचं, म्हणजे सगळं ठीक, चला पुढे. तीनदा वाजली की सगळ्यांनी असतील तिथून खाली यायचं.

मास्तरांच्या सोबतीला त्यांची बायको, वासंतीबाई. अकरा हिवाळे त्या नवऱ्याबरोबर मागेच चालल्या. त्यामुळे व्हायचं काय, की ही दोघं माथ्यावर पोचेपर्यंत ऊन चढायचं, सगळं धुरकट व्हायचं, आणि पुढचे लोक सांगायचे, "अहो काकू, काय दिसत होतं मघाशी! काळू नदीचं वळण, मलंगगड, माहुलीचे सुळके!" बाई हसून म्हणायच्या, "पुढच्या खेपेला."

मागच्या डिसेंबरची गोष्ट. टिटवाळ्याच्या पलीकडची टेकडी, आणि हवा अशी स्वच्छ की काय सांगू! पायथ्याशीच मास्तर म्हणाले, "अगं, आज तू हेमांगीबरोबर पुढे हो. सुळके बघायचेत ना तुला?"

"आणि तुम्ही?"

"मी आहे की, शिट्टीबरोबर. जा, जा."

बाई गेल्या. एखादी शाळकरी मुलगी सहलीला निघावी तशा गेल्या. वळणावर थांबून त्यांनी हातसुद्धा हलवला.

अर्ध्या वाटेवर एक काळा कातळ आहे. तिथे मास्तर बसले. मी त्यांच्या छातीवरच होते, मला कळत होतं. आतलं काहीतरी ताल सोडून चाललं होतं. थंडीतही सदरा घामाने भिजला.

तेवढ्यात वरून हेमांगीची हाक आली, "मास्तर ऽ ऽ!"

त्यांनी मला ओठांना लावलं. एक वाजली. दुसरी वाजली. मणी तिसरीसाठी तयार होता. पण मास्तरांनी मला खाली सोडलं.

"बघू दे तिला दोन मिनिटं," ते म्हणाले.

माझ्याशीच बोलले असतील, तिथे दुसरं कोण होतं? मी ओरडले असते हो! पण फुंकर घातल्याशिवाय शिट्टी कसली ओरडते? पुढची हाक आली तेव्हा वाजवायला कोणी नव्हतं. सगळे धावत खाली आले. मास्तर कातळाला टेकून बसलेले होते, जागच्या जागी.

वासंतीबाई एकच बोलत राहिल्या, "दोनदा वाजली होती गं. मी ऐकलेली. मी म्हटलं, येतायत." हेमांगी रडत म्हणाली, "काकू, आम्ही सगळ्यांनी ऐकलेली." आणि खोटं बोललं कोण? मी. जन्मात एकदाच, तेही मास्तरांच्या श्वासाने.

मग वर्षभर मी खणात. जुन्या किल्ल्या, तुटका चष्मा आणि मी. अंगावर हिरवट डाग चढले. बाई खण उघडायच्या, मला बघायच्या आणि बंद करायच्या. मला त्यांचा राग नाही आला. मला माझीच लाज वाटत होती.

या डिसेंबरात हेमांगी घरी आली. "काकू, शेपटाला कोणी नाही. तुम्ही यायचंच."

ती गेल्यावर बाईंनी मला चिंच-मिठाने घासलं आणि नवी दोरी ओवली.

तीच टेकडी. कातळापाशी बाई थांबल्या. त्यावर हात ठेवला. वरून हाक आली, "काकू ऽ ऽ, ठीक?"

एक वाजली. दुसरी वाजली. आणि बाईंचा श्वास अडला, अगदी मास्तरांचा अडला होता तिथेच. माझा मणी गारठला. म्हटलं, देवा, पुन्हा नको!

मग तिसरी वाजली. फाटकी, बेसूर, पण वाजली.

सगळे ठेचकाळत खाली आले. हेमांगीला धाप लागलेली. "काय झालं? कुठे दुखतंय?"

"दुखत नाही गं काही," बाई म्हणाल्या. "मला एकटीला इथून पुढे जाववत नाही. एवढंच."

कोणी रागावलं नाही. माथा कोणाला आठवलाही नाही. सगळे त्या कातळाभोवती बसले, डबे उघडले, भाकरी आणि तिळाची चटणी वाटून खाल्ली. बाई पोटभर रडल्या, वर्षात पहिल्यांदा.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. हिरवी पडले तरी चालेल. पण दम लागला, भीती वाटली, तर तिसरी शिट्टी गिळू नका. कोणाची मजा जाईल म्हणून तर मुळीच नको. मास्तर, वाजवायची होतीत हो त्या दिवशी! माहुलीचे सुळके काही कुठे पळून जाणार नव्हते.