मागे वळून पाहणारी मुलगी

मित्रांनो, मी चित्रे काढण्याचे एक जुने मेज आहे. आज माझ्यावर कॉफीचे कप ठेवतात, पण माझ्या मधोमध जी काच बसवली आहे तिच्याखाली दिवा आहे. तोक्योच्या नेरिमा भागातल्या एका सुताराने मला घडवले. फळी त्याने जरा उतरती ठेवली, कारण दिवसभर वाकून बसणाऱ्यांच्या मानेची त्याला काळजी होती. दिवा लावला की खालच्या कागदावरची रेघ वरच्या कागदातून दिसते. तिच्या आधाराने पुढचे चित्र काढायचे, त्यावर पुन्हा कागद ठेवायचा. अशी चित्रे भराभर दाखवली की कागदावरचा माणूस चालू लागतो. ॲनिमे म्हणतात ते असे तयार होत असे.

मला एका टोफूवाल्याच्या दुकानावरच्या मजल्यावर, ॲनिमे काढणाऱ्यांच्या कचेरीत नेले. तिथे माझ्यापाशी येऊन बसल्या त्या आरितोमीबाई. बुटक्या, गालाला नेहमी पेन्सिलीची काजळी, आणि डब्यात रोज उमेबोशीचे खारवलेले आंबट फळ घातलेला भाताचा गोळा. एखादी हालचाल अडली की त्या उठून आरशासमोर ती करून पाहत. सगळे हसत, त्याही हसत, आणि पुन्हा येऊन बसत.

बाईंची माणसे इतरांच्या माणसांसारखी नव्हती. ती निघाली की एकदम निघत नसत. क्षणभर थबकत, आणि मागून कुणी हाक मारल्यासारखी वळून पाहत. आधी टाच हलायची, मग खांदा, आणि सगळ्यात शेवटी डोळे. देशभरचे शौकीन ही हालचाल ओळखू लागले. मालिकेत नावे झळकण्याआधीच ते सांगत, हे बाईंचे काम.

बाई केसेन्नुमा बंदराकडच्या. त्यांचा थोरला भाऊ मासेमारीच्या बोटीवर गेला तो परत आला नाही. त्याला धक्क्यावरून हाक मारली तेव्हा तो असाच वळला होता, एवढेच त्या एकदा बोलल्या. बोलल्या ते वाकुईशी.

वाकुई हा त्यांचा मदतनीस. बाई मुख्य चित्रे काढत, आणि एका चित्रातून दुसऱ्यात जाताना लागणारी मधली सगळी चित्रे वाकुई काढी. बाईंच्या रेघांवर आपला कागद ठेवून तो वर्षानुवर्षे माझ्या काचेवर वाकला होता. बाई त्याला सहज सोडत नसत.

"वाकुई, तुझी पोरगी वळली रे, पण तिला ऐकू काय आलं?" त्या म्हणत. "आधी तिला ऐकू तर येऊ दे."

तो मुकाट्याने कागद फाडी आणि नवा घेई.

मग बाई आजारी पडल्या. एका मालिकेचे काम अर्धे राहिले होते. वसंतात साकुराची झाडे फुलायच्या आधीच त्या गेल्या. उरलेला भाग वाकुईने माझ्यावर बसून पुरा केला, आणि जोड कुठे आहे ते कुणाला सापडले नाही. लोकांनी त्याची पाठ थोपटली. पण त्याचे कोपर माझ्या फळीवर टेकलेले असे, आणि त्याने किती कागद फाडले हे मला माहीत आहे.

पुढे कागद गेले. सगळे जण संगणकाच्या पडद्यावर चित्रे काढू लागले, आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्यावर जुन्या छत्र्या पडल्या, रंगाचे रिकामे डबे पडले. त्या अंधारात मी बरीच वर्षे काढली. शेवटी मोगामीकाकांनी मला मागून घेतले. त्यांचे छोटे कॉफीचे दुकान आहे. पायांखाली लाकडी ठोकळे ठेवून त्यांनी माझी फळी सपाट केली, मला पुसले, आणि खिडकीशी ठेवले.

रविवारी दुपारी माझ्याभोवती ॲनिमेचे शौकीन जमतात. त्यातले दोघे कधी चुकत नाहीत. ओदागिरी चष्म्याच्या दुकानात काम करतो. त्याची नजर बारीक आणि जीभ त्याहून बारीक. चिगुसा इस्पितळात परिचारिका आहे, बोलते कमी. येणाऱ्या मालिकांचे ट्रेलर आले की ते दोघे एकेक चित्र थांबवून पाहतात. कुठे रंग सपाट आहेत, कुठे पार्श्वभूमीवर जीव ओतलाय आणि माणसांवर हात आखडलाय, सगळे निघते.

"पावसाचा थेंब न् थेंब काढलाय," ओदागिरी म्हणतो, "आणि माणसं बघ. दोरीवर वाळत घातल्यासारखी."

मला ते आवडे. वाटे, बाईंनी ऐकायला हवे होते.

गेल्या शरदात एका येणाऱ्या चित्रपटाचा ट्रेलर आला. ओदागिरीने समुद्र नावाजला, बोटीला नावे ठेवली. मग धक्क्यावर चालत जाणारी एक मुलगी आली. ती थबकली. टाच, खांदा, मग डोळे.

चिगुसाने कप खाली ठेवला. "पुन्हा लाव."

ओदागिरीने पुन्हा लावले.

"ही बाईंची मुलगी आहे," चिगुसा हळूच म्हणाली.

"बाईंना जाऊन किती वर्षं झाली, चिगुसा."

"मला काय सांगतोस? तुलाही दिसतंय ना?"

त्याला दिसत होते. भर दुपार होती, तरी मोगामीकाकांनी उठून शेगडी वाढवली. पडद्यावरची मुलगी थांबवून ठेवली होती, आणि ती नेमकी माझ्याकडे पाहत होती. मित्रांनो, मी लाकूड आहे, पण मला त्या नजरेची भीती वाटली. ती कुणाच्या हाकेने वळली होती?

ओदागिरीची भीती रागात बदलली. मेलेल्या बाईंची जुनी चित्रे खाली ठेवून कुणीतरी गिरवली आहेत, असे त्याने ठरवून टाकले. आधी विचारू तरी, असे चिगुसाने सुचवले.

"कुणाला विचारतेस? चोराला?"

त्याने बाईंचे जुने दृश्य आणि हे नवे दृश्य शेजारी शेजारी लावून सगळ्यांना दिसेल असे इंटरनेटवर टाकले. दिवस मावळेपर्यंत देशभर बोभाटा झाला. ज्यांनी बाईंचे नावही ऐकले नव्हते तेही चिडले. दृश्य काढणाऱ्याचे नाव कुणीतरी शोधून काढले आणि त्याला कबर उकरणारा म्हणू लागले. चित्रपट बनवणाऱ्यांनी तोंडातून शब्द काढला नाही.

पुढच्या रविवारी ओदागिरीचा ठावठिकाणा विचारत एक वाळलेला माणूस दुकानात आला. केस पांढरे झाले होते, पण ते कोपर मी ओळखले.

"कबर उकरणारा म्हणतात तो मीच," तो ओदागिरीला म्हणाला. "वाकुई माझं नाव. बसू का?"

मग त्याची नजर माझ्यावर गेली. मोगामीकाकांना विचारून त्याने कप उचलले, माझ्या फळीखाली हात घालून न चाचपडता दिवा लावला, आणि पिशवीतून कोरे कागद काढले.

"बाईंनी कधीच काढलं नसेल असं काहीतरी सांगा."

चिगुसा म्हणाली, "इस्पितळातले एक आजोबा. पलंगावरून उठून खिडकीशी जातायत."

वाकुई काढू लागला. कागदावर कागद चढत गेले. कॉफी निवली, दुसरी गिऱ्हाइके येऊन गेली. शेवटी त्याने गठ्ठा बोटांत धरून फरफर उलटला. आजोबा उठले, भिंतीला धरत खिडकीपर्यंत गेले, थबकले. टाच, खांदा, डोळे. त्यांनी आमच्याकडे पाहिले.

"त्यांना मी वळायला सांगितलं नव्हतं," वाकुई म्हणाला. "इतकी वर्षं माझ्या कागदाखाली बाईंची रेघ होती. आता खाली काही नसलं तरी ती असते. मी काही चोरलं नाही हो. मीच सुटायला बघतोय. घरी एकटा काढायला बसलो की सांगतो त्यांना, बाई, आता जा."

ओदागिरीने मान खाली घातली ती वर केली नाही. तिथेच बसून त्याने आपला आरोप मागे घेतला, चूक झाली असे लिहिले. पण चोरीच्या बातमीला जमते तेवढी गर्दी माफी वाचायला जमत नाही. चित्रपटवाल्यांना कटकट नको होती. त्यांनी ते दृश्य काढून टाकले, दुसऱ्याकडून करून घेतले, आणि वाकुईचे नाव गाळले.

चित्रपट आला तेव्हा ओदागिरी आणि चिगुसा तो पाहून थेट इथे आले. मुलीचे केस फार सुरेख काढले होते, प्रत्येक बटेवर उन्हाची कड होती, असे ओदागिरीने सांगितले.

"वळली पण," चिगुसा म्हणाली. "उगाचच वळली. तिला कुणी हाक मारलीच नव्हती."

हिवाळा सरताना वाकुई पुन्हा आला. त्याला दुसरीकडे काम मिळाले होते, पण अटीवर. बाईंची छाया कुठे दिसता कामा नये. त्याने हाताला नवे वळण लावले होते. जी रेघ बाईंची वाटेल ती फाडायची, पुन्हा काढायची, पुन्हा फाडायची. ओदागिरीने भीत भीत विचारले, ते आजोबा परत एकदा काढाल का?

त्याने दिवा लावला आणि काढले. आजोबा उठले, खिडकीशी गेले, बाहेर पाहत उभे राहिले. काम सफाईदार होते. ते वळले नाहीत.

"छान आहे," ओदागिरी पुटपुटला.

"हो," वाकुई म्हणाला. "आधी जा म्हणायचो. आता दिवा लावून वाट बघत बसतो. येत नाहीत त्या."

तो गेल्यावर दिवा बंद करायचे कुणाला सुचले नाही.

मित्रांनो, चित्रे पाहा, त्यांवर भांडा, वाईट काम असेल तर वाईट म्हणा. पण रेघ ओढणारा हातही असतो, आणि त्या हाताला कुणीतरी धरून शिकवलेले असते. त्याला चोर म्हणण्याआधी एकदा त्याच्या शेजारी बसा. माझी काच अजून शाबूत आहे, दिवाही लागतो. हल्ली त्याच्यावर कोरा कागद ठेवला तर कोरा कागदच दिसतो.