ढाण्या वाघाची ताडपत्री

उकंडरावांनी रिठदच्या स्टँडवर पोराचा फ्लेक्स लावला, तेव्हा पोरानं अजून हो म्हटलंच नव्हतं.

पोरगा संघदीप मालवाहू जहाजावर, इंजिनाच्या खोलीत तेलपाण्याला. युद्ध पेटलं, शत्रूच्या पाणबुड्या मालाची जहाजं बुडवू लागल्या, तशी कंपनीनं त्याचं जहाज सरकारला देऊन टाकलं. कंटेनर उतरवायचे, वर सपाट पत्रा ठोकायचा, त्यावर हेलिकॉप्टरं बसवायची. ती पाणबुड्या हुडकणार. जहाज गोदीत होतं. खलाशांना मुभा होती: राहा, नाहीतर आज संध्याकाळपर्यंत उतरा.

फ्लेक्सवर ‘रिठदचा ढाण्या वाघ’ गॉगल लावून उभा होता. मागे भलत्याच देशाची युद्धनौका. खाली शुभेच्छुकांची रांग. त्यातल्या एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता.

रांगत्या गोलूला मांडीवर थोपटत पौर्णिमानं नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला.

"हेलिकॉप्टर वर उतरते. अन् पाणबुडीनं मारलं तं कुठं लागते?"

"खाली."

"तुमी कुठं असता?"

संघदीपनं तेलकट हात पुसले. "खालीच."

"मंग या ना घरी! काहून थांबून राह्यले?"

"बाबानं बोर्ड लावला ना. आता उतरलो तं सारं गाव मले भेकड म्हनते."

तिला हसू आलं. सरकारनं सोडलं, कंपनीनं सोडलं. तिच्या माणसाला धरून ठेवलं होतं ते चार बांबूंवरच्या प्लॅस्टिकनं.

गोलूला कडेवर घेऊन ती स्टँडवर गेली आणि विळ्यानं दोऱ्या कापू लागली.

"अवो सूनबाई, कायले काढता?" पानठेल्यावरून पुंजाजी ओरडला. शुभेच्छुकांत पहिला फोटो त्याचाच.

"तुमी जाता का त्याहीच्या जागी? फोटो तं हायेच तुमचा."

पुंजाजीनं घाईघाईनं तोंडात पान कोंबलं.

घरी अंगणात सोयाबीन वाळत पडलेलं आणि आभाळ भरून आलेलं. तिनं फ्लेक्स पसरला.

"पोरी, माही इज्जत..." उकंडराव चाचरले.

"मामाजी, मालाच्या जहाजाची युद्धनौका होते, तं युद्धनौकेची ताडपत्री नाई होत? धरा ते टोक."

तेवढ्यात गोलू रांगत फ्लेक्सवर गेला आणि बापाच्या गॉगलवर थापा मारत म्हणाला, "बा, बा."

उकंडरावांनी मुकाट्यानं टोक धरलं.

झाकलेल्या ढिगाचा फोटो पौर्णिमानं पाठवला. ‘बोर्ड निघाला. आता तुमी निघा.’

दिवेलागणीला उत्तर आलं. ‘उतरलो. पन माह्या तोंडावर गोटा कोनं ठेवला?’

‘तुमच्या बाबानं,’ तिनं लिहिलं. ‘उडून जाऊ नये म्हनून.’