भावोजींचा फुटलेला पाइप

अर्जातला सातवा प्रश्न असा होता: 'आपण नेतृत्वगुण दाखवल्याचा एक प्रसंग लिहा.' हॉस्पिटलच्या धुलाईघरात मी चार वर्षं चादरींच्या घड्या घातल्या होत्या. आता तिथलंच पाळीप्रमुखाचं पद रिकामं झालं होतं. मला ते हवंच होतं. गेल्या अकरा महिन्यांत 'बाळाची आई' सोडून मला कुणी दुसरी हाकच मारलेली नाही. पण घड्या घालताना नेतृत्व कुणाचं करणार? चादर बिचारी मुकाट ऐकते.

"त्यात काय एवढं!" भावोजी म्हणाले. ते त्याच हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये साहेब आहेत, म्हणजे दोन कपाटं आणि एक स्टूल त्यांच्या हाताखाली आहे. "माझं उत्तर घे. त्यावरच लागलोय मी."

उत्तर झकास होतं. गोदामात पाइप फुटतो, गुडघाभर पाणी, बारा माणसं सैरावैरा, आणि अर्जदार शांतपणे व्हॉल्व्ह बंद करतो. बाळाला मांडीवर घेऊन मी एका हाताने ते उतरवलं. आमच्या घरी नळाचा वॉशर बदलायलाही प्लंबर येतो, हा तपशील गाळला.

मुलाखतीचा फोन नेमका दुपारी सव्वाला आला. बाळ नुकतंच झोपलं होतं.

"कुजबुजताय का तुम्ही?" पलीकडच्या मॅडमनी विचारलं.

"बाळ झोपलंय."

"बरं. त्या पाइपबद्दल सांगा. गेल्या वर्षी तो एका बाईंनी बंद केला होता, आडनाव तुमचंच. त्याआधी आमच्या स्टोअरच्या साहेबांनी. किती वेळा फुटतो हो तुमचा पाइप?"

जाऊबाई! त्यांनीही तोच पाइप वापरला होता, आणि वर मला म्हणाल्या होत्या, "मुलाखत तशी बरी झाली." माझे कान तापले. गेली नोकरी.

"फुटलाच नाही, मॅडम. भावोजींचा आहे तो. घरात सगळे तोच वापरतात."

"मग तुम्ही स्वतः काय केलंत?"

तेवढ्यात सासऱ्यांच्या हातून स्टीलचं ताट निसटलं. ते फरशीवर गरागरा फिरत राहिलं आणि बाळाने टाहो फोडला. सासरे, सासूबाई, नवरा, तिघंही पुतळ्यासारखी माझ्याकडे बघत उभी. हात सगळ्यांना आहेत, हुकूम मात्र माझाच लागतो.

फोन न झाकताच मी सुरू केलं. "बाबा, ताटावर पाय ठेवा. आई, त्याला डाव्या कुशीवर वळवा, पाठ थोपटा, गाणं नको. अहो, तुम्ही पडदा ओढा. आणि खुळखुळा दाखवायचा नाही म्हणजे नाही!"

मिनिटभरात टाहोचा हुंदका झाला, हुंदक्याची जांभई.

"हे सगळे तुमचं ऐकतात?" आता मॅडमच कुजबुजत होत्या.

"दुपारपुरतं."

"त्या पाळीत नऊ जण आहेत, एकही ऐकत नाही. सोमवारपासून महिनाभर करून बघा. आणि सातव्या प्रश्नाचं उत्तर नवं लिहून आणा."

"आणि पाइप?"

"स्टोअरला परत करा."

आता तेच लिहायला बसलेय. बाळाने झोपेतच माझं बोट मुठीत धरलंय. सोडवून घेता येईल, पण घेत नाही. इथे माझा हुकूम चालत नाही. दाराशी भावोजी घुटमळतायत. त्यांना बढतीचा अर्ज भरायचाय. नवं उत्तर जमलं, तर एक प्रत मिळेल का, म्हणतात.