रंग क्रमांक तेरा

इव्होनेतीने काउंटरवर पिशवी उघडली तेव्हाच माझं तोंड वाकडं झालं. आत १९८६ सालचा काळा संगणक, एक कॅसेट आणि मक्याच्या पिठाचा केक. केक मी मुकाट्याने आत नेऊन ठेवला. बाकीच्या दोन वस्तूंकडे बघून म्हटलं, "बाई, या सांता इफिजेनियाच्या दुरुस्तीवाल्यांच्या रस्त्यावर आता फक्त मोबाइलच्या काचा बदलतात. हे कशाला उचलून आणलंत?"

"बाबांना यातलं चित्र बघायचंय," ती म्हणाली. "बारा वर्षांची असताना मी काढलेलं. आमचं पेन्या वस्तीतलं घर आणि दारात उभी आई. त्याच वर्षी आई गेली. बाबांचा एक डोळा गेलाच आहे, दुसरा डिसेंबरपर्यंत टिकला तरी नशीब, असं डॉक्टर म्हणतात."

तिचे बाबा म्हणजे सेउ (आमच्याकडचं 'श्रीयुत') बेलार्मिनो. वय चौऱ्याऐंशी, जन्मभर लोकांची घरं रंगवली. स्टुलावर बसून ते माझ्या दुकानाची भिंत बघत होते आणि भिंत त्यांना पसंत नव्हती, हे स्पष्ट दिसत होतं.

मी कुरकुरत कामाला लागलो. जुन्या संगणकाचं चित्र नव्या टीव्हीला झेपत नाही, म्हणून मध्ये स्केलर लावावा लागतो. ते बारीक, बुटकं चित्र घेऊन मोठ्या पडद्याच्या मापाचं करून देणारी ही एक डबी असते. माझी डबी परदेशातून मागवलेली आहे आणि अख्ख्या रस्त्यावर तशी दुसरी नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो. या दोघांनाही ऐकवलं.

त्या काळी चित्रं आवाजाच्या रूपात कॅसेटवर साठवायचे; ती टेपरेकॉर्डरवर लावली, तर दोनदा मध्येच अडकली. तिसऱ्या खेपेला पाच मिनिटं किंचाळली आणि चित्र आलं. घर, फाटक, दारात झगा घातलेली बाई. सगळं काळं, पांढरं आणि करडं.

"अगदी तस्संच!" इव्होनेतीने मला मिठीच मारली. "सेउ अदाउतो, देव तुमचं भलं करो! बाबा, बघा, होतं तसंच आहे!"

बेलार्मिनोंनी पडद्याला नाक लावलं. "छान आहे," ते म्हणाले. वाढदिवसाला भलत्याच मापाचा सदरा आला की माणूस म्हणतो, तसं.

खरं तर मी तिथेच हात झटकायला हवे होते. गिऱ्हाईक खूश होतं. शनिवार होता आणि कोपऱ्यावरच्या खानावळीतली काळ्या घेवड्याची फेजोआदा संपत आली असणार. पण माझी जीभ कधी गप्प बसली आहे?

"बाई, चूक आहे. यात रंग आलेले नाहीत."

"रंग?" ती हसली. "रंग होते कधी? आमचा टीव्ही काळा-पांढरा होता."

"टीव्ही काळा-पांढरा होता," म्हातारा म्हणाला. "चित्र नव्हतं. तू मला एकेक विचारायचीस, बाबा, फाटक कुठल्या रंगाचं? कौलं कुठली? मी सांगायचो आणि तू संगणकाच्या पुस्तकात बघून त्या रंगाचा आकडा घालायचीस. फाटक पाच. भिंत अकरा."

"मला नाही आठवत," ती हळूच म्हणाली.

म्हणजे ते चित्र रंगीत काढलं होतं आणि रंगीत कोणी कधी पाहिलंच नव्हतं. मघाच्या कुरकुरीची मला एकदम लाज वाटली.

घोळ मला ठाऊक होता. टीव्हीला रंग पाठवायची आम्हा ब्राझीलवाल्यांची पद्धत जगावेगळी आहे. परदेशी डबीला ती कळत नाही, मग ती रंग टाकून देते. माझ्या भागीदाराने, कानाशिरोने, आणि मी वीस वर्षं याच घोळावर पोट भरलं. परदेशी व्हिडिओ यंत्रं उघडायची आणि त्यांचा रंग आपल्या टीव्हीला कळावा म्हणून आत एक पट्टी बसवायची. एकदा कानाशिरोने हट्टाने उलटी डबी बनवली, आपला रंग परदेशी करून देणारी. "ही कोण घेणार रे?" म्हणत मी पोट धरून हसलो होतो. ती कोणी घेतली नाही. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

मी सगळे खण उपसले. डबी सर्वांत खालच्या खणात मिळाली. वर त्याच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'दोस्ताची करामत' म्हणत मी ती दोघांना वाचून दाखवली: 'अदाउतो हसला ती.'

संगणक आणि स्केलर यांच्या मध्ये ती जोडली आणि पडदा रंगांनी भरला. निळं फाटक, फिक्या पिवळ्या भिंती, तांबडी कौलं. कानाशिरो, मित्रा, तुझे उपकार मी कुठे फेडू!

दारातल्या बाईचा झगा भडक गुलाबी-जांभळा होता.

"आईचा झगा करडा होता," इव्होनेती म्हणाली. "मला करडाच आठवतो. इतकी वर्षं मला ती करड्या झग्यातच दिसते."

"तेरा नंबर," बेलार्मिनो म्हणाले. "गल्लीतल्या बाया नावं ठेवायच्या. ती म्हणायची, नवरा रंगारी असताना मी फिकं का घालू?"

इव्होनेती रडता रडता हसली आणि त्यांचं स्टूल पुढे ओढू लागली. "बाबा, जवळ या. तुम्हाला नीट दिसतंय ना?"

ते हलले नाहीत. तेव्हा माझ्या लक्षात आलं, रंग आल्यापासून ते पडद्याकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

"मला काय बघायचंय, पोरी? फाटक मी रंगवलं, झग्याचं कापड मी आणलं. बघायचं तुझं राहिलं होतं. माझ्यामागे हे तुला सांगणारं कोण होतं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, फार उपकार झाले. तुम्हाला हसवणाऱ्या त्या दोस्तालाही माझा नमस्कार सांगा."

मी मान हलवली.

इव्होनेतीने पडद्यावरच्या झग्यावर बोट ठेवलं होतं.

"सांग बघू, कुठला?" म्हाताऱ्याने विचारलं.

"तेरा, बाबा."

"हां," ते म्हणाले, "आता डोळा गेला तरी चालेल."