पश्चिमेकडचा ताण

मित्रांनो, हैदराबादच्या पूर्वेला, शिंदीच्या झाडांपलीकडे, रेडिओचा एक लोखंडी मनोरा उभा आहे. एके काळी लाल-पांढरा होता, आता नुसता तांबूस दिसतो. तो मी. माझ्याकडे बघायला कोणी थांबत नाही, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटत नाही. पण दिगंबरराव आणि गौसमियाँ यांची हकीकत माझ्यासमोर घडली, आणि ती सांगायला आता माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही.

निजामाच्या राजवटीत मला उभारलं. माझा पाय जमिनीला टेकत नाही, हे तुम्हाला ठाऊक नसेल. चिनी मातीच्या एका भल्या मोठ्या ठोकळ्यावर मी उभा आहे. प्रक्षेपण सुरू झालं की माझ्या सगळ्या अंगातून वीज खेळते, आणि ती जमिनीत उतरली तर आवाज तिथेच संपेल. मी पडू नये म्हणून तीन दिशांनी पोलादी तारांचे ताण दिलेले आहेत. शहरातल्या खोलीत कोणी बोललं की ते बोलणं तारेनं इथल्या यंत्रापर्यंत येई, यंत्र त्याला बळ देई आणि मी ते हवेत सोडून देई. जे येईल ते पुढे धाडायचं, एवढंच माझं काम. त्यातलं निवडणं मला कधी जमलं नाही.

यंत्र दिगंबरराव सांभाळत. नल्लकुंट्यात राहणारे, तिशीतले, अबोल गृहस्थ. मला रंग देणं, ताणांना ग्रीस लावणं, टोकावरचा दिवा बदलणं ही कामं सय्यद गौसची. गौसमियाँ वर चढे तेव्हा यंत्र बंदच हवं, नाहीतर हात लागताच माणूस जागेवर संपला. म्हणून दिगंबरराव खटक्याला कुलूप घालत, किल्ली खिशात ठेवत आणि माझ्या पायाशी येऊन उभे राहत. तो खाली उतरेपर्यंत त्यांची मान वरच असे. सहा वर्षांत हा नेम एकदाही मोडला नाही.

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. देश स्वतंत्र झाला होता, पण आमचं संस्थान अलग राहिलं होतं. खेड्यापाड्यांत रझाकारांनी लोकांना सळो की पळो करून सोडलं होतं. आणि माझ्यातून रोज धमक्यांची भाषणं जाऊ लागली. दिगंबरराव खटका दाबत आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. त्यांचा धाकटा भाऊ वसंत सरहद्दीपलीकडे, सोलापूरच्या बाजूला, लढणाऱ्यांच्या छावणीत गेला होता. ही भाषणं भावाच्या हातून सुटतात, हे त्यालाही ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी चिक्कडपल्लीचे वकील मुकुंदराव कुंपणापाशी आले. वसंताचा निरोप त्यांनी हळू आवाजात सांगितला.

"पश्चिमेकडचा ताण तोडा. वारा तिकडूनच जोराचा आहे, मनोरा टिकायचा नाही."

"मी कारकुनी वळणाचा माणूस, मुकुंदराव."

"म्हणूनच तुमच्यावर कोणाचा संशय जायचा नाही. रोज हे विष तुमच्याच हातानं पसरतंय, दिगंबरराव. विचार करा."

दिगंबररावांनी आठ दिवस विचार केला. नवव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते डब्याच्या पिशवीतून करवत घेऊन आले आणि पश्चिमेकडच्या ताणापाशी बसले. त्या तारेत एकोणीस पेड होते. सात कापले. मला सगळ्या अंगात ते कळत होतं. आठव्यावर करवत ठेवली आणि त्यांचा हात थांबला. दुसऱ्या दिवशी सकाळी गौसमियाँ रंगाला चढणार होता. त्यांनी करवत विहिरीत टाकली.

सकाळी गौसमियाँ रंगाचा डबा घेऊन आला.

"आज चढू नकोस," दिगंबरराव म्हणाले.

"कायकू?"

दिगंबररावांनी नजर ताणांकडे वळवली. गौसमियाँनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, डबा खाली ठेवला आणि एकेक ताण हातानं चाचपत निघाला. पश्चिमेकडे पोचल्यावर तो खाली बसला. कापलेली टोकं नव्या नाण्यासारखी चमकत होती. बाहेर नुसतं समजलं असतं तरी दिगंबररावांना त्याच दिवशी उचलून नेलं असतं, आणि पुढे काय झालं असतं ते सांगायला नको.

गौसमियाँ कोठारात जाऊन तीन लोखंडी चाप घेऊन आला. कापलेल्या जागेवर ते घट्ट आवळले, वरून शेंदरी रंग फासला.

"चूहे बहोत हो गए यहाँ," तो म्हणाला.

दिगंबररावांना काही बोलायचं होतं. त्यानं हातानंच थोपवलं.

"तुमारे बच्चे छोटे हैं, साब. मेरे बी छोटेच हैं. जाओ, टायम हो रहा."

सप्टेंबरात हिंदुस्थानचं सैन्य संस्थानात शिरलं आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. सतरा तारखेच्या संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली, तीही माझ्यातूनच गेली. कितीतरी गावांना ती त्याच घटकेला कळली. खटका दाबताना दिगंबररावांचे डोळे भरून आले होते. गौसमियाँ दारात उभा राहून ऐकत होता. त्याच्या मनात काय चाललं होतं ते त्यानं चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

नवे अधिकारी आले. तपासणीत शेंदरी रंगाखालचे चाप सापडले. ताण कोणी कापला? सगळ्यांच्या नजरा गौसमियाँकडे वळल्या. दिगंबरराव पुढे झाले आणि म्हणाले, "मी कापला." त्यांनी अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. अधिकाऱ्यानं उठून त्यांचा हात हातात घेतला.

"तुमच्यासारख्या माणसांमुळेच हा दिवस दिसला," तो म्हणाला. मग गौसमियाँकडे वळला. "म्हणजे जुन्या सरकारचा मनोरा वाचवला तो यानं."

"साहेब, त्यानं मला वाचवलं. आणि मनोरा पडला असता तर सतरा तारखेची बातमी कशी गेली असती?"

"ते तेव्हा त्याला माहीत होतं का?"

पंधरा दिवसांत गौसमियाँला कामावरून काढलं. खरं बोलून आपण त्याची भाकरी घालवली, हे दिगंबररावांच्या मनातून जाईना. त्यांनी अर्ज केले, लोकांचे उंबरे झिजवले. सगळीकडे त्यांना खुर्ची मिळे, चहा मिळे आणि वर्तमानपत्रात नाव आल्याबद्दल शाबासकी मिळे. गौसचं नाव काढलं की समोरचा घड्याळाकडे बघे.

वर्ष उलटलं. सतरा सप्टेंबरला दिगंबररावांनी रेडिओवर पाच मिनिटं बोलावं असं ठरलं. काय बोलायचं ते लिहून मंजूर केलेला कागद त्यांना दिला होता. त्या दिवशी यंत्रावर दुसरा माणूस होता. एवढी वर्षं खटका दाबणाऱ्या माणसाचा आवाज मी पहिल्यांदाच अंगावर घेतला. पहिली चार वाक्यं कागदावरची होती. मग कागद बाजूला सारल्याचा आवाज आला.

"मी सात पेड कापले, हे खरं आहे," ते म्हणाले. "ते सय्यद गौस नावाच्या माणसानं जोडले. त्यानं तोंड उघडलं असतं तर मी आज नसतो. मला हार मिळाले. त्याची नोकरी गेली. हे बरोबर झालेलं नाही, एवढंच मला सांगायचं आहे."

पुढचं बोलायच्या आत त्यांचा आवाज तोडला आणि गाणं लावलं. पण जे निघालं होतं ते मी केव्हाच दूरवर पोचवलं होतं. दिगंबररावांना ताकीद मिळाली, बढती थांबली. जुन्या सरकारचा मनोरा वाचवणाऱ्याची बाजू घेतली म्हणून वसंत वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही.

आठवड्यानं गौसमियाँ फाटकाशी आला. तो आता सिकंदराबादेत दुकानांच्या पाट्या रंगवत होता. नखांत निळा रंग होता. दिगंबरराव धावत बाहेर आले.

"तुझी नोकरी काही परत मिळाली नाही रे," ते खाली बघत म्हणाले.

"नक्को साब, वो बात छोडो. मैं हॉटल में चाय पी रहा था. रेडियो पे मेरा नाम आया. पूरे लोगां चुप हो गए. चायवाला पूछा, गौस, तूच क्या वो? मैं बोला, हौ, मैंच."

दोघं कुंपणाच्या दगडावर शेजारी शेजारी बसले. गौसमियाँ परत कधी माझ्यावर चढला नाही. आता ते दोघंही नाहीत.

मित्रांनो, मला गंज चढला आहे. रंग दिलात तर बरं वाटेल, नाही दिलात तरी माझी तक्रार नाही. पण कधी तुमच्यावर चार लोकांसमोर बोलायची पाळी आली, आणि हातातल्या कागदावर एखाद्याचं नाव राहून गेलेलं दिसलं, तर ते नाव मोठ्यानं घ्या. पोचवायला मी असेन किंवा नसेन.