मूठभर वरई

सुमित्राबाईंच्या भाजणीला जाहिरात कधी लागलीच नव्हती. दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीत वीस वर्षं त्या उपासाची भाजणी करून विकत होत्या, आणि एकाचं ऐकून दुसरं गिऱ्हाईक येत होतं. त्यांची एक वही होती. तिच्यात हिशेब नव्हता, माणसं होती. कुणाला जिरं जास्त लागतं, कुणाच्या सासूला दात नाहीत म्हणून बारीक दळायचं, कुणाची बदली नागपूरला झाली. पाकीट घ्यायला आलेला माणूस चहा पिऊनच जायचा.

मग त्यांची मुलगी उत्तरा या कामात शिरली. ती गुरुग्रामला एका कंपनीत मार्केटिंग करायची, त्यामुळे आईचा धंदा बघून तिचा जीव वर-खाली व्हायचा. "आई, इतका चांगला माल आणि तू विकतेस लाजत लाजत," ती म्हणाली. तिने पाकिटावर हिरवं स्टिकर लावलं: ग्लुटेन-फ्री.

"हे काय असतं गं?"

"गहू नाही, एवढंच. ज्यांना गहू बाधतो ना, ते लोक हेच शोधत असतात."

यात खोटं काय होतं? साबुदाणा, वरई, राजगिरा, जिरं. उपासाच्या पदार्थात गहू यायचाच कुठून? बाईंनी मान डोलावली. तीन महिन्यांत मागणी दुप्पट झाली. करोल बागेतल्या एका दुकानाने नवरात्रासाठी दोनशे पाकिटं मागितली आणि बाई, खरं सांगायचं तर, जराशा फुगल्याच.

नव्या गिऱ्हाइकांत शेजारच्या इमारतीतली अलकनंदा होती. मंत्रालयात नोकरी, नवरा बदलीवर, घरात ती आणि आठ वर्षांची मुलगी. वहीत बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'तेजश्रीला गहू चालत नाही. डब्यात रोज थालीपीठ.'

नवरात्राच्या मोठ्या दळणासाठी बाई डबे घेऊन चिरागच्या चक्कीवर गेल्या. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी जात्यात मूठभर वरई टाकायची, आधीच्या गव्हाचं पीठ तिच्याबरोबर निघून जातं. ते पहिलं पीठ कबुतरांना, मग आपलं दळण. बाईंची आई असंच करायची, आणि देवाने त्यावर कधी तक्रार केली नव्हती.

चिराग डबे उतरवत होता. वरच्या डब्यात उत्तराने रिकामी पाकिटं कोंबली होती. त्यातलं एक त्याने उचलून वाचलं आणि भुवया चढवल्या.

"आंटीजी, ये मेरी चक्की का आटा है और आपने ये लिख दिया?"

"गेहूँ तो नहीं है ना इसमें."

"इसमें नहीं, पर चक्की में तो है. मेरी बुआ के लड़के को यही गेहूँ वाली बीमारी है. उनके घर चक्की अलग, तवा अलग, चकला-बेलन तक अलग. डॉक्टर बोलते हैं, चुटकी भर भी नहीं. आपकी मुट्ठी से व्रत का काम चल जाएगा, उसका नहीं चलेगा."

बाई न दळताच डबे घेऊन घरी आल्या.

उत्तराने सगळं ऐकून घेतलं. ती वाईट मुलगी नव्हती, पण तिचं डोकं ऑफिससारखं चालायचं. "ओके. पुढच्या लॉटवरून स्टिकर काढू. दुकानवाल्याला काहीतरी कारण सांगू. पण विकलेल्या पाकिटांचं कशाला उकरून काढायचं यार? कुणाची कंप्लेंट आहे का? उगाच नाव खराब होईल."

"नाव कुणाचं?"

"तुझंच ना, आई!"

"मग ते मी बघते," बाई म्हणाल्या, आणि वही घेऊन फोनपाशी बसल्या.

एकेचाळीस फोन झाले. बहुतेकांना उपासापुरतंच घेणं होतं, ते हसले, म्हणाले, "अहो काकू, आम्हाला चालतं." एकीने चांगलंच झापलं आणि बाईंनी ते ऐकून घेतलं. करोल बागेच्या दुकानदाराने ऑर्डर रद्द केली. अलकनंदाला मात्र त्यांनी फोन केला नाही. तिच्याकडे त्या स्वतः गेल्या, आणि दुसऱ्या मजल्यावर जाताना दोनदा थांबल्या.

अलकनंदाने दार उघडलं. बाईंनी उंबऱ्यातच, चपला न काढता, सगळं सांगून टाकलं. चक्की, मूठभर वरई, स्टिकर. पुढे आणखी काही बोलायचं होतं, पण अलकनंदाचा चेहरा बघून त्या थांबल्या.

"दोन महिने तिचं पोट दुखतंय," अलकनंदा म्हणाली. "रक्ताचा रिपोर्ट पण बिघडला. डॉक्टर म्हणाले, मुलगी बाहेर काहीतरी खाते. मी तिला रोज विचारत होते, स्कूलमध्ये कुणाचा टिफिन खाल्लास? ती म्हणायची, कुणाचाच नाही." तिने दाराची कडी घट्ट धरली. "मला वाटलं, खोटं बोलतेय. मी दोनदा मारलं तिला, काकू."

बाईंना आपली आणि त्या हिरव्या स्टिकरची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. सॉरी म्हणून परत फिरणं सोपं होतं. पण जिची माफी मागायची होती, ती आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहून ऐकत होती.

बाई गुडघे सांभाळत खाली बसल्या. "तेजश्री, इकडे ये बाळा. ते थालीपीठ माझ्या पिठाचं होतं. त्याच्यात चुकून थोडा गहू गेला, म्हणून तुझं पोट दुखलं. चूक माझी होती. तू खरं बोलत होतीस."

"स्कूलमध्ये मी किसीका टिफिन नाही खाल्ला," तेजश्री म्हणाली.

"माहिती आहे मला."

तेजश्रीने बाईंकडे नीट बघून घेतलं. मग ती आईकडे वळली.

"मम्मी, आंटीने बोललं. आता तू बोल."

अलकनंदा बाईंच्या शेजारी फरशीवर बसली आणि आपल्या मुलीला सॉरी म्हणाली.