पोरांच्या बाकांवर आयोग

देश नवा, झेंडा नवा, तेव्हा शिक्षणही नवं हवं, असं सरकारच्या मनानं घेतलं आणि शिक्षण आयोग नेमला. आयोगाला बसायला कुठं जागा मिळेना. मग एका मुख्याध्यापिकाबाईंची शाळा त्याच्या ताब्यात दिली आणि मुलांना महिनाभर घरी पाठवलं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सत्तेपुढे शहाणपण चालेना.

महिना कधीच उलटला. गुडघे हनुवटीला टेकतील अशा चिमुकल्या बाकांवर आयोगाचे सभासद डुलक्या घेतच होते. एके दिवशी अध्यक्षांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, एवढी चांगली शाळा, पण औषधालासुद्धा मूल दिसत नाही. इथल्या आईबापांना शिक्षणाची आस्थाच नाही की काय?"

"आस्था आहे हो, जागा नाही!" बाई कडाडल्या. "पोरांच्या बाकांवर तुम्हीच ठाण मांडलंय!"

डुलक्या मोडल्या. अध्यक्षांचा चेहरा मात्र उजळला. "ऐकलंत? बाईंनी नेमकं वर्मावर बोट ठेवलं. जागेच्या प्रश्नावर आजच उपसमिती नेमू!"

सुटले बाई एकदाची, असं म्हणून बाईंनी आपल्या खोलीत येऊन खुर्चीत अंग टाकलं.

"फक्त एक विनंती," अध्यक्ष मागोमाग येऊन अदबीनं म्हणाले, "उपसमितीला बसायला तेवढी तुमची ही खोली लागेल."